अकरा पाकिटांचे वाटे

देवगाव रंगारी,
३ नोव्हेंबर २०२५

चि. अक्षदास आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, राग. फोनवर मला एकाच कानानं ऐकू येतं, आणि मी चिडले की तू हळूच विषय बदलतीस. कागदावर तुला ते जमायचं नाय. उत्तरही कागदावरच दे.

दिवाळीआधी तुझ्या दवाखान्याची गाडी गावात आली. बिडी सोडवायची पट्टी निघालीय, दंडावर चिकटवली की तल्लफ मरते, ती किती जणांना लागू पडते ते तपासायचंय, असं तू बिरोबाच्या देवळापुढं उभी राहून सांगितलंस. मला केवढा अभिमान वाटला. अकरा बाप्यांची नावं मीच दारोदार फिरून गोळा केली. पहिलं नाव तुझ्या मामांचं घातलं.

आज मामांना पट्टी लावून तीन आठवडे होत आले. तरी दिवसाला आठ बिड्या चालू. थोटकं गोठ्याच्या भिंतीत खोचतात, त्यांना वाटतं मला दिसत नाय. आणि शेजारचा बन्सी, ज्याला अंघोळीची सुद्धा शिस्त नाय, तो म्हणे दोनवर आलाय! मला तिथंच शंका आली. तुमचा तो चार पानी कागद काढला. मला वाचता येतं, पण मुंगीएवढी अक्षरं नाय. चंपाबाईच्या सुनेनं वाचून दाखवला. त्यात लिहिलंय की निम्म्या लोकांच्या पट्टीत औषधच नाय. नुसता चिकट कागद!

अक्षदे, तुझी आई आजारी होती तेव्हा तू सहा महिने माझ्याजवळ शेळीच्या दुधावर वाढलीस. तुला पाठीशी बांधून मी मेंढरं वळली. आणि तू माझ्याच नवऱ्याला रिकामी पट्टी दिलीस?

मामांच्या हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख तुला ठाऊक आहे, १२ जानेवारी. सर्जननं निक्षून सांगितलंय, आधीचे चार आठवडे एकही बिडी नको, खोकल्यानं टाके उसवले तर हर्निया पुन्हा बाहेर येईल, अशा माणसाला मी हात लावणार नाय. गेल्या महिन्यात लासूर स्टेशनच्या बाजारात आतडं अडकलं, तेव्हा हा माणूस शेळ्यांच्या मधी पांढराफटक होऊन आडवा झाला होता. त्या वेळी आपोआप सुटलं. पुन्हा अडकून सुटलं नाय तर काय, ते डॉक्टरनं तोंडावर सांगितलंय. मला ते लिहवत नाय.

तर मुकाट त्यांचं पाकीट बदलून दे. कुणाला कळायची गरज नाय. मेथी वाळवून ठेवलीय, ती राग उतरल्यावर पाठवीन. लोभ आहे, पण सध्या झाकून ठेवलाय.

तुझी आत्या,
राजाबाई

◆

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर,
१० नोव्हेंबर २०२५

ती. राजाआत्यास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा राग.

रिकामी पट्टी मी दिली, असं तू लिहितेस. कोणाच्या पाकिटात काय आहे हे मला माहीतच नाही. आमच्या मोठ्या सरांनाही नाही. पाकिटावर फक्त नंबर असतो. कोणता नंबर कोणाला, हे कंप्युटरनं चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं आणि ती यादी कुलपात आहे. मामा नात्यातले, म्हणून त्यांची नोंदसुद्धा मी घेत नाही, माझ्याबरोबर काम करणारी अपेक्षा नावाची मुलगी घेते.

निम्म्यांना रिकामी कशाला, हे निदान तू तरी ओळखायला हवं होतंस. मेंढरांच्या खुरांना एका व्यापाऱ्यानं दिलेली पूड तुम्ही सगळ्या कळपाला लावली होती. मेंढरं बरी झाली. पुढच्या वर्षी तीच पूड लावली तर तेरा लंगडी झाली. तेव्हा तूच म्हणाली होतीस की आदल्या साली चिखल लवकर वाळला म्हणून ती बरी झाली असतील, पूड म्हणजे नुसती राख होती की काय कोण जाणे. निम्मी मेंढरं बिनपुडीची ठेवली असती तर तेव्हाच कळलं असतं. आम्ही तेच ठेवतोय, आत्या. माणसांना सांगून, त्यांची सही घेऊन.

आणि सांगितलं होतंच. तो कागद मी मामांना मोठ्यानं वाचून दाखवत होते, तेव्हा तू चुलीपाशी होतीस. तू मामांना म्हणालीस, पोरगी म्हणतेय तिथं सही करा, भाकरी गार व्हायलीय.

तीन महिने झाले की ज्यांची रिकामी निघेल त्यांना खरी मिळेल. तोवर पाकीट बदलणं माझ्या हातात नाही, आणि असतं तरी मी बदललं नसतं. हे वाक्य तुला टोचेल. टोचू दे. मामांच्या तारखेची काळजी मला नाही असं मात्र समजू नकोस. चहाबरोबरची पहिली बिडी त्यांना अर्धा तास पुढं ढकलायला लाव, मग तास. आणि आठ आठ म्हणतेस, पण पट्टीच्या आधी किती होत्या ते मोजलं होतंस का? तेवढं कळव.

इथं नळाला आठव्या दिवशी पाणी येतं आणि घरमालकीण माझ्या लग्नाची चौकशी रोज करते. मेथी पाठव. राग राहू दे तुझ्याकडेच.

तुझी,
अक्षदा

◆

देवगाव रंगारी,
१८ नोव्हेंबर २०२५

चि. अक्षदास आशीर्वाद, पण थोडेसेच.

तुला नाय जमलं, तुमच्या सरांना नाय जमलं, मी करून दाखवलं.

बोकड कापला की आपण काय करतो? एकाला मांडी आणि एकाला नुसतं हाड, असं देतो का? पानांवर सारखे वाटे घालतो. काळजाचा नखाएवढा तुकडा का असेना, प्रत्येक वाट्यात पडतो. आणि ज्यानं वाटे घातले त्यानं शेवटी उचलायचा, म्हणजे हात साफ राहतो. तुझ्या आजाच्या आधीपासूनची ही रीत आहे. कुणाला सगळं औषध आणि कुणाला कोरा कागद, हा इन्साफ तुमच्या कंप्युटरचा असेल, आमच्या गावचा नाय.

शनिवारी देवळापुढं घोंगडी अंथरली आणि अकरा घरची पाकिटं मागवली. भावकीतला खंडेराव म्हणाला, वहिनी, नंबराची गडबड होईल. मी म्हणाले, नंबर काय दंडावर चिकटवायचाय का? बन्सी तर पाकीट सोडीनाच, त्याला त्याची पट्टी मानवलीय म्हणे. म्हणलं बाबा, म्हणूनच तर तुझी पहिली घ्यायचीय. लोकर कातरायची कातर स्वच्छ धुतली आणि एकेक पट्टी मधून दोन केली. खऱ्या कोणत्या, खोट्या कोणत्या, बघून कळत नाय. पण अकरा घरच्या पट्ट्यांचे तुकडे प्रत्येक वाट्यात घातले. आता कुणी उपाशी नाय, कुणी तुडुंब नाय. आमचा वाटा मी शेवटी उचलला.

तुझे मामा एक शब्द बोलले नायत. ते कधी बोलतात?

आता तुझ्या सरांना सांग, देवगावात सगळ्यांना सारखं औषध चालू आहे, खुशाल तपासा. तुझ्यावरचा राग निम्मा उतरला, म्हणून निम्मी मेथी बन्सीच्या पुतण्याबरोबर धाडलीय. बाकीची तू चूक कबूल केलीस की.

तुझी आत्या,
राजाबाई

◆

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर,
२५ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,

नमस्कार लिहायला हात उचलत नाही. पुढच्या पत्रात लिहीन.

बन्सीकाका दोन दिवस आमच्या दवाखान्यात होते, ते तुला कळलंच असेल. एका तुकड्यानं भागेना म्हणून त्यांनी वाट्यातले चार तुकडे एकदम चिकटवले आणि वरून बिडी ओढली. उलट्या, घाम, छातीत धडधड. नशिबानं वाचले. पट्टी कापायची नसते, आत्या. कापली की औषध कडेनं निसटतं, कोणाच्या अंगात किती गेलं याचा पत्ता लागत नाही. तू अकरा माणसांवर हे केलंस, कातर धुऊन घेतली म्हणून खूश झालीस, आणि मला लिहितेस की चूक कबूल कर!

तुझं पत्र मी सरांपुढं ठेवलं. लपवता आलं असतं. एक क्षण पिशवीत परत टाकलंही होतं. पण मग माझ्या नोंदवहीतल्या एकाही आकड्याला अर्थ राहिला नसता. देवगावची अकराही नावं अभ्यासातून काढली. चौदा गावांतलं सगळ्यांत नियमित गाव होतं ते. मला नोटीस मिळाली आहे, कारण गाव माझं, आत्या माझी. चौकशी होईपर्यंत मी टेबलावर बसून पाकिटं मोजते.

आता ऐक. बन्सीकाकांच्या अंगावर कोणाकोणाचे तुकडे होते ते कळेना, म्हणून अकराही पाकिटांचे नंबर डॉक्टरांना उघडावे लागले. बन्सीकाकांचं स्वतःचं पाकीट रिकामं होतं. ते दोनवर आले ते अपेक्षानं दर भेटीत समजावल्यानं आणि स्वतःच्या जिद्दीनं.

मामांचं पाकीट औषधाचं होतं. पहिल्या दिवसापासून.

मी तुला विचारलं होतं, आधी किती होत्या? तू उत्तरच दिलं नाहीस. मी आता मामांची नोंद पाहिली. पट्टीच्या आधी दिवसाला एकतीस. एकतीसवरून ते तीन आठवड्यांत आठवर आले होते. तू आठ पाहिल्यास आणि औषध खोटं ठरवलंस. ज्या माणसाला औषध लागू पडत होतं, त्याच्या दंडावरून ते काढून तू गावभर वाटलंस.

मामांना सांभाळ.

अक्षदा

◆

देवगाव रंगारी,
२ डिसेंबर २०२५

चि. अक्षदास सूर्यभानमामाचा आशीर्वाद.

मी चौथी शिकलेलो. चुका झाल्या तर सोडून दे.

तुझं पत्र आल्यापासून तुझी आत्या बोलत नाही. मला नाही, मेंढरांनाही नाही. भाकरी पुढं ठेवते आणि जाते. एक्केचाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. भांडत होती ते बरं होतं.

मी पुन्हा एकोणीसवर गेलोय.

मलाही राग आलाय, तो दोघींवर. पाकीट माझं, दंड माझा, आतडं माझं. कंप्युटरनं चिठ्ठी टाकली, तू कागद वाचलास, हिनं सही करा म्हणलं, मग हिनंच वाटे घातले. तुम्ही दोघी पत्रांत भांडलात. मला कुणी विचारलं का, की बाबा तुला सोडायची आहे का? वाटे घालताना मी बोललो नाही, कारण मला वाटलं माझी पट्टी मलाच का हवी, असं म्हणणं लाजिरवाणं आहे. बाकी दहा जण बघत होते. पण मला आतून माहीत होतं की ती लागू पडतेय. सकाळी चहाला हात खिशाकडं जात नव्हता. हे मी कुणाला सांगितलं नाही, ही माझी चूक.

मला सोडायची आहे. परवाच्या बसनं येतो. तुमच्या अभ्यासात नाही घेतलं तरी चालेल, दवाखान्याच्या रांगेत उभा राहीन. तुझ्याकडं एक पथारी पुरे.

तुझा,
सूर्यभानमामा

◆

देवगाव रंगारी,
१० डिसेंबर २०२५

चि. अक्षदास,

मामांच्या मागोमाग मी पण शहरात येऊन गेले, पण तुझ्या घरी आले नाय. तोंड दाखवायची हिंमत नव्हती. दवाखान्यात थेट तुझ्या मोठ्या डॉक्टरापुढं जाऊन उभी राहिले. तुला कुणीतरी सांगितलं असेल, पण माझ्याकडून ऐक.

मी म्हणाले, पोरीच्या नावची नोटीस फाडा, माझ्या नावची लिहा. कातर माझी, घोंगडी माझी, अक्कल पण माझीच. ते म्हणाले, आजी, तुमच्यामुळं वर्षभराच्या कामाला भोक पडलं आणि एक माणूस मरता मरता वाचला. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. बन्सीच्या दारात जाऊन तर मी आधीच पाया पडून आले होते. त्याची बायको मला आत ये म्हणाली नाय. बरोबर केलं तिनं.

पण मग डॉक्टर म्हणाले की सगळं कागदात स्पष्ट लिहिलेलं होतं. तिथं माझं डोकं फिरलं. मी पिशवीतून कागद काढून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, साहेब, वाटून घेऊ नका, कापू नका, असं ह्यात कुठं लिवलंय ते दाखवा. त्यांनी चष्मा लावला. तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. "सदर उत्पादनाचा वापर केवळ सहभागी व्यक्तीपुरता मर्यादित राहील." मी म्हणाले, हे मराठी आहे का? माझ्या नवऱ्याला विचारा उत्पादन म्हणजे काय, तो म्हणेल ज्वारी. आणि एकतीसच्या आठ झाल्या तर ते औषधाचं यश असतं, हे कामून नाय सांगितलं? आम्हांला वाटलं, औषध म्हणजे ताप उतरल्यागत, एकतर उतरतो नायतर नाय. तुम्ही आमचा दंड बघितला, छातीतला धूर मोजायला फुंकायला लावता त्या यंत्रात आकडा बघितला, आमच्या घरात काय समजलं ते कामून नाय बघितलं?

मी लई मोठ्यानं बोलले असेन, बाहेरची रांग आत डोकावायली. मग डॉक्टरनं ते वाक्य पेनानं खोडलं आणि मला विचारलं, कसं लिहू? मी सांगितलं, लिहा : ही पट्टी एकाच माणसाची. कापायची नाय, वाटायची नाय, बायकोनं मागितली तरी द्यायची नाय.

ते हसले नायत. लिहून घेतलं.

अक्षदे, तुझ्याकडं मी चोरून पाकीट बदलून मागितलं होतं. तू नाय म्हणालीस ते बरोबर होतं, हे मला आता दिसतं. माफी मागायला मोठ्या माणसाची जीभ जड होते, म्हणून लिहिते. चुकले.

बाकीची मेथी बरोबर आणली होती. दवाखान्याच्या रखवालदाराकडं तुझ्या नावानं ठेवलीय.

तुझी आत्या,
राजाबाई

◆

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर,
६ जानेवारी २०२६

ती. राजाआत्यास, सा. न. वि. वि.

नमस्कार लिहिला आहे, पाहिलास ना? राग पूर्ण गेलेला नाही. पण तो आता तुझ्यापेक्षा त्या तिसऱ्या पानावर जास्त आहे. तू सांगितलेलं वाक्य नव्या कागदात छापलं गेलंय, बायकोसकट. नोटीस समज देऊन मिटवली. येत्या सोमवारपासून मी पुन्हा गावोगाव जाणार आहे.

मामा अभ्यासाबाहेर, म्हणून डॉक्टरांनी त्यांना सरळ चिठ्ठीवर खरी पट्टी लिहून दिली, आणि तल्लफ फारच आली तर चघळायला निकोटिनचं च्युइंगम. १३ डिसेंबरला शेवटची बिडी ओढली. घरमालकिणीशी दोनदा भांडले, माझ्याशी रोज. च्युइंगम गुळासारखं लागत नाही म्हणून कंपनीला शिव्या देतात. पण राहिले.

काल तपासणी होती. यंत्रात फुंकलं, आकडा तीन आला. बिडी न ओढणाऱ्या माणसाचा येतो तसा. सर्जन खूश. बारा तारीख पक्की म्हणून सही करायला पेन उचललं, आणि मामा म्हणाले, थांबा. २४ डिसेंबरला चौकातल्या चहाच्या टपरीवर एक ओढली होती, पूर्ण, असं त्यांनी सांगितलं. मला माहीत नव्हतं. यंत्रालाही कळलं नसतं, त्याच्यात एकदोन दिवसांपलीकडचं काही दिसत नाही. सर्जननी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी २४ पासून चार आठवडे मोजले आणि तारीख २१ जानेवारी केली.

मी बाहेर येऊन मामांवर ओरडले आणि मग रिक्षात रडले. नऊ दिवस अजून ते आतडं सांभाळायचं. जड उचलायचं नाही, खोकायचं नाही. तुला कसं सांगावं या विचारात एक दिवस गेला. तूच त्यांना लिही. माझं ऐकत नाहीत.

तुझी,
अक्षदा

◆

देवगाव रंगारी,
१० जानेवारी २०२६

अक्षदाच्या मामांस,

तुम्हांला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. मेंढरं घेऊन तुम्ही गोदावरीकडं जात होता तेव्हा मला लिहिता येत नव्हतं, आणि लिहायला शिकले तेव्हा तुम्ही घरीच होता. वर काय घालायचं कळलं नाय, म्हणून पोरीचं नाव घातलं.

यंत्राला कळलं नाय, डॉक्टरला कळलं नाय, पोरीला कळलं नाय. मग तुम्हांला तोंड उघडायची काय गरज होती? एक्केचाळीस वर्षं जे तोंड बंद ठेवलं ते नेमकं त्या दिवशी उघडलं! परवा बारा तारखेला सगळं उरकलं असतं. आता नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत लासूरसारखं झालं तर? मी दोन दिवस तुम्हांला शिव्या देतेय. मोकळ्या घरात, मोठ्यानं. कोकरं सुद्धा जवळ येईनात.

काल बन्सी आला. प्रकरण झाल्यापासून पहिल्यांदा ओसरीवर टेकला. त्याची बिडी पार सुटलीय. म्हणाला, सूर्यभानअण्णानं येडेपणा केला, एका बिडीसाठी तारीख घालवली, गप बसला असता तर कोण विचारायला येत होतं. आणि मी त्याच्यावर धावून गेले. म्हणाले, माझा माणूस खोटं बोलून त्या टेबलावर झोपणार नाय, खोकून टाके उसवले तर ते कोण भोगणार, तू का? तो निघून गेल्यावर मी तिथंच बसले. दोन दिवस मी ज्याच्यासाठी तुम्हांला शिव्या देत होते, त्याच्यासाठीच बन्सीशी भांडले होते.

मेंढरं खंडेरावकडं सोडलीत. उद्या रविवारच्या बसनं येते. एकवीसपर्यंत तिथंच राहीन. तुम्ही पोरीला लिहिलेलं ते पत्र तिनं मला वाचायला पाठवलंय, तुम्हांला कुणी विचारलं नाय ते. तर आता मी रोज सकाळी विचारणार, आज ओढली का. नाय म्हणलात तर चहा ठेवीन. व्हय म्हणलात तर लई भांडीन, मग डॉक्टरकडं जाऊन नवी तारीख घेऊ, आणि मी अजून चार आठवडे थांबीन.

पत्र तुमच्या हातात पडायच्या आधी मीच पोचेन. तरी पेटीत टाकतेय.

राजाबाई